'प्लॅटिनम जबली'ची कपबशी, 1911चा रुपया आणि चुकलेली राजमुद्रा : भाव नेमका कशाला येतो?

तुमचे प्रश्न दोन आहेत. लेकीने 2022 साली इंग्लंडहून आणलेल्या कपबशीवर राणीच्या 'ज्युबिली'ऐवजी 'जबली' छापलंय, तिला आज काय भाव येईल, हा पहिला. दुसरा तुमच्या मंडळाचा. शिवराज्याभिषेकाच्या 350व्या वर्षानिमित्त करून घेतलेल्या मगांवर राजमुद्रेतला एक शब्द चुकलाय आणि खोकी अजून पडून आहेत. ते मग वाटावेत का, आणि पुढच्या वेळी काय काळजी घ्यावी?

जुनी नाणी आणि राजघराण्यांच्या स्मरणवस्तू हा माझा धंदा आहे. त्याआधी बरीच वर्षं मी क्रोकरीवर डेकल, म्हणजे भट्टीत भाजून पक्कं करायचं छापील चित्र, चढवायच्या कामात होतो, त्यामुळे चूक होते कशी हेही जवळून पाहिलंय. आधी सरळ उत्तर देतो. कपबशीचे पैसे होणार नाहीत, ती जपून ठेवा. मंडळाचे मग वाटू नका. आता कारणं सांगतो.

कपबशीपासून सुरुवात करू. जानेवारी 2022 मध्ये इंग्लंडच्या डॉर्सेट भागातल्या, पडून राहिलेला माल उचलून विकणाऱ्या एका घाऊक व्यापाऱ्याने एक लॉट विक्रीला काढला. कप, मग आणि शोभेच्या प्लेटा मिळून 10,800 नग होते. राणी एलिझाबेथ दुसरी हिच्या राज्यारोहणाला 6 फेब्रुवारी 2022 रोजी 70 वर्षं होत होती, त्या समारंभासाठी हा माल चीनमधून करून घेतला होता. त्यावर 'प्लॅटिनम ज्युबिली'ऐवजी जे-यू-बी-बी-एल-वाय अशी अक्षरं पडली. सगळ्या लॉटची किंमत 32,400 पौंड लावली होती, म्हणजे नगाला 3 पौंड. इंग्रज माणसाला हसू फुटलं ते नुसत्या चुकीमुळे नाही. बीबीसीच्या एका गाजलेल्या विनोदी मालिकेतला डेल बॉय हा खटपट्या फेरीवाला, सौदा जमला की 'लव्हली जबली' म्हणायचा. राणीच्या गंभीर चेहऱ्याखाली नेमका त्याचा तकियाकलाम येऊन बसला. बातमी जगभर गेली आणि लोकांना वाटलं, आता या कपाचं सोनं होणार.

तसं होत नाही. आमच्या धंद्यात हे समजायला वेळ लागतो, पण एकदा समजलं की फसवणूक टळते. भाव चुकीला नसतो. चूक लक्षात आल्यावर काढणाऱ्याने पुढे काय केलं, त्याला असतो. माल मागे घेतला, वितळवला, फोडला, तर बाहेर निसटलेले मोजके नग दुर्मीळ ठरतात. चुकीसकट विकून टाकला, तर तो फक्त गमतीचा माल होतो. जबलीचा लॉट तर चुकीचीच जाहिरात करून विकायला काढला होता, आणि पहिल्या दिवसापासून लोकांनी जपून ठेवायलाच घेतला. जी वस्तू सगळेच जपतात ती टंचाईची होत नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याकडचंच आहे, 1911चा रुपया, आणि त्यातले निम्म्याहून जास्त नग मुंबईच्या टांकसाळीत पडलेत. पंचम जॉर्ज 1910 साली गादीवर आला आणि 1911 साली त्याच्या चेहऱ्याचा पहिला रुपया निघाला. वजन 11.66 ग्रॅम, चांदी 91.7 टक्के. राजाच्या अंगावर झगा आणि गळ्यातून छातीवर येणारी, भारतीय साम्राज्याच्या मानचिन्हाची साखळी आहे. त्या साखळीत एक बारीकसा हत्ती आहे. भिंग घेऊन बघा. सोंड इतकी आखूड आणि पाय इतके ठेंगणे कोरले गेले, की जनावर डुकरासारखं दिसतं. रुपया बाजारात आल्यावर ओरड झाली. मुसलमान समाजाला तर रोजच्या व्यवहारातल्या नाण्यावर डुक्कर ही कल्पनाच असह्य होती. सरकारने झटपट पाऊल उचललं. कलकत्ता आणि मुंबई या दोन टांकसाळींत मिळून सुमारे 94 लाख रुपये पाडून झाले होते. त्यातले साधारण 7 लाखच बाहेर गेले होते. उरलेले रोखून धरले आणि पुढे वितळवले. 1912च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरला, त्याची सोंड आणि कान स्पष्ट दिसतात.

म्हणून संग्राहक 1911च्या नाण्याला सरळ 'पिग रुपया' म्हणतात, आणि त्याच स्थितीतल्या 1912 किंवा 1918च्या रुपयापेक्षा त्याला कितीतरी जास्त भाव देतात. आजीच्या डब्यात पंचम जॉर्जचे रुपये निघाले तर पहिलं साल बघा. 1911 असेल तर लगेच हत्ती बघा. साल 1911 आणि हत्ती मात्र नव्या धाटणीचा असेल, तर शेवटचा आकडा कोणीतरी खरवडून बदललाय असं धरून चाला. मागच्या बाजूला तळाच्या फुलाखाली बारीक टिंब असेल तर नाणं मुंबईचं, नसेल तर कलकत्त्याचं. आणि कृपा करून चिंच, राख, पितांबरी यातलं काहीही त्याला लावू नका. घासून चकचकीत केलेल्या नाण्याचा निम्मा भाव तिथेच जातो. लोक प्रेमाने घासून आणतात आणि मला वाईट बातमी द्यावी लागते, याचं दर वेळी दुःख होतं.

दुसरं उदाहरण आठव्या एडवर्डचं. यात एकाच माणसाच्या वस्तूंमध्ये भावाची दोन्ही टोकं दिसतात. जानेवारी 1936 मध्ये तो राजा झाला. राज्याभिषेक 12 मे 1937ला ठरला. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंटच्या कुंभारकारखान्यांनी महिनोन्‌महिने आधी मग, प्लेटा, डबे करून ठेवले. डिसेंबर 1936 मध्ये वॉलिस सिम्प्सन या घटस्फोटित अमेरिकन बाईशी लग्न करण्यासाठी त्याने राज्य सोडलं. आता गोदामात माल आहे आणि राजाच नाही. कारखानदारांनी काय केलं? विकला. लोकांनीही आठवण म्हणून घेतला. आज कोणत्याही ब्रिटिश जुन्या बाजारात एडवर्डच्या राज्याभिषेकाचा मग सहज मिळतो आणि त्याला फारसा भाव नाही, कारण तो ढिगाने विकला गेलेला माल आहे. "न झालेल्या राज्याभिषेकाचा मग, म्हणजे लाखाचा ऐवज" असं सांगून आपल्याकडे अनेकांना तो विकला गेलाय, म्हणून मुद्दाम लिहितो.

नाण्यांचं उलट झालं. त्याच्या चेहऱ्याची ब्रिटिश नाणी नमुन्यांच्या पलीकडे गेलीच नाहीत. प्रत्येक नव्या राजाचं तोंड आधीच्या राजाच्या उलट दिशेला करायची परंपरा आहे. याने हट्टाने आपली डावी बाजू दाखवायला लावली, हेही त्या नमुन्यांत दिसतं. त्यातलं 1937 सालचं सॉव्हरिन नावाचं एक सोन्याचं नाणं 2020 साली 10 लाख पौंडांना गेलं. त्याचे मग विकले म्हणून स्वस्त, नाणी दिलीच नाहीत म्हणून महाग. आपल्याकडे कच्छ संस्थानाने 1936 साली त्याच्या नावाची नाणी रीतसर पाडली होती. ती खरी, चलनातली, आणि हौशी माणसाला परवडणारी आहेत. एडवर्डची आठवण हवीच असेल तर मगापेक्षा मी 'कोरी' नावाचं कच्छचं ते चांदीचं नाणं घ्यायला सांगेन.

तारखेच्या चुकांचं प्रकरण थोडक्यात. सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाच्या जवळजवळ सगळ्या वस्तूंवर 26 जून 1902 ही तारीख आहे. प्रत्यक्षात ऐन वेळी त्याच्यावर पोटाची शस्त्रक्रिया झाली आणि समारंभ 9 ऑगस्टला झाला. त्यामुळे जूनची तारीख साधी आणि ऑगस्टची शोधावी लागणारी. 2005 साली चार्ल्स आणि कॅमिला यांचं लग्न 8 एप्रिलला होतं. त्याच दिवशी पोप जॉन पॉल दुसरे यांचे अंत्यसंस्कार ठरले, म्हणून लग्न 9 तारखेला गेलं. 8 तारखेचे मग पुढे महाग होतील या आशेने विंडसरच्या दुकानांत गर्दी झाली. सगळ्यांनीच घेतले, सगळ्यांनीच जपले. पुढचं तुम्ही ओळखलं असेल.

आणि एक शुद्ध स्पेलिंगची चूक, जिला खरोखर मोल आलं. ऑक्टोबर 2013 मध्ये व्हॅटिकनने पोप फ्रान्सिस यांचं पदक काढलं. सोनं, चांदी आणि कांसं, तिन्हींत. पाडलं होतं इटलीच्या सरकारी टांकसाळीने. कडेच्या लॅटिन ओळीत 'जीझस'च्या जागी 'लेसस' पडलं होतं, पहिलं अक्षर जे नसून एल. सहा हजारांहून जास्त पदकं मागे घेतली गेली. त्याआधी फक्त चार विकली गेली होती. त्या चारांपैकी एखादं कोणाकडे असेल तर ती चूक मौल्यवान, कारण उरलेली परत गेली.

आता तुमच्या लेकीला पडेल असा प्रश्न: एवढ्या मोठ्या राजघराण्याचा माल, कोणी तपासत नाही का? तपासतात, पण वेगळं. राजचिन्हं आणि राजघराण्यातल्यांची छायाचित्रं स्मरणवस्तूंवर वापरण्याचे नियम राजदरबाराचा कारभार पाहणारं तिथलं लॉर्ड चेंबरलेनचं कार्यालय समारंभापुरते जाहीर करतं. वस्तू सुरुचीची असावी, तिच्यावर जाहिरात नसावी, राजघराण्याची तिला मान्यता आहे असा भास होऊ नये, असे ते नियम आहेत. छापलेली अक्षरं बरोबर आहेत का, हे पाहणं मागवणाऱ्याचं काम. आणि मागवणारा ते का पाहत नाही, हे मी कारखान्यात रोज बघितलंय.

पूर्वी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं हाताने सुलटी कोरायची, त्यावरून पातळ कागदावर उलटा छाप घ्यायचा आणि तो कागद भांड्यावर चोळायचा. हाताने कोरलेल्या अक्षरांत चूक होणं समजण्यासारखं आहे. आता संगणक आहे, तरी चुका कमी झालेल्या नाहीत, कारण डिझायनर अक्षरांचं 'कर्व्ह' करून टाकतो. तसं केल्यावर संगणकाच्या लेखी ती अक्षरं राहत नाहीत, नुसते आकार होतात, आणि स्पेलिंग तपासणारी सोय आंधळी होते. त्याआधीही तिचा भरवसा नाही. सगळी इंग्रजी अक्षरं मोठ्या, म्हणजे कॅपिटल लिपीत असतील तर अनेक सॉफ्टवेअर तो शब्द तपासतच नाहीत, आणि राजघराण्याच्या वस्तूंवर पुष्कळदा सगळं कॅपिटल अक्षरांतच असतं. छापणाऱ्याला ती भाषा येत नसेल तर तो वाचत नाही, अक्षरांची चित्रं जुळवतो. आणि नमुना मंजूर करणारा? त्याच्या मोबाइलवर एक फोटो येतो. तो राणीचा चेहरा बघतो, सोनेरी कड बघतो, निळा रंग मनासारखा आहे का बघतो. प्लेटच्या कडेने गोल फिरणारा मजकूर कोणी मान वाकडी करून वाचत नाही. त्यातून जो शब्द सगळ्यांना पाठ आहे, तो तर डोळा वाचतच नाही, मन भरून काढतं. म्हणून चुका बारीक टिपेत क्वचित आणि सगळ्यात मोठ्या शब्दात हमखास सापडतात.

इथेच तुमच्या मगाकडे येतो. तुम्ही पाठवलेल्या फोटोत 'प्रतिपश्चंद्रलेखेव' छापलंय. हवं 'प्रतिपच्चंद्रलेखेव'. पूर्ण ओळ अशी :

प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता।
शाहसूनोः शिवस्यैषा मुद्रा भद्राय राजते॥

प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, विश्वाने वंदिलेली, शहाजींचे पुत्र शिवाजी यांची ही मुद्रा लोककल्याणासाठी शोभते. इतक्या तेजस्वी दोन ओळी, आणि त्यांची दर फेब्रुवारी-जूनमध्ये टी-शर्टांवर, किल्लीच्या साखळ्यांवर, गाडीच्या काचांवर जी दशा होते ती मला खरोखर सोसवत नाही. 'च्च'चा 'श्च' ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. त्याखालोखाल 'शाहसूनोः'मधला ऊकार आणि विसर्ग दोन्ही गायब होऊन उरलेलं 'शाहसुनो'. मग 'वर्धिष्णुर्विश्ववंदिता'मधला रफार उडतो आणि शब्द दोन तुकड्यांत तुटतो. एकाने चुकीचं छापलं की पुढचा इंटरनेटवरून तेच चित्र उचलतो, कारण ते आधीच 'कर्व्ह' केलेलं असतं आणि टाइप करायचा त्रास वाचतो. म्हणजे तुमच्या छापखान्याने चूक केली नसेलच कदाचित, त्याने ती उचलली असेल.

देवनागरीची एक वेगळी अडचणही आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या टंकनपद्धतीत, नेताना जोडाक्षरं फुटतात. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांसाठीची मांडणी चालू केलेली नसेल, तर रफार भलत्या अक्षरावर जाऊन बसतो आणि 'ष्णु'चा हलन्त उघडा पडतो. संगणकावर बरोबर दिसलेलं छापखान्यात बिघडतं ते यामुळेच.

इथे एक फरक सांगायलाच हवा, नाहीतर कोणीतरी अस्सल नाणं फेकून देईल. शिवराई या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' असतं. पण ही नाणी वेगवेगळ्या ठिकाणी, दीर्घ काळ पाडली गेली, आणि ठसे कोरणाऱ्यांनी 'शिव', 'सिव', 'सीव', 'पति', 'पती' अशी अनेक रूपं कोरली. त्या काळी ऱ्हस्वदीर्घाचे छापील नियम नव्हते. ही रूपं चुका नव्हेत, उलट त्यांच्यावरून अभ्यासक या नाण्यांचे प्रकार लावतात. अक्षरं एकसारखी, आखीव, आजच्या छापील टाइपासारखी दिसली की मी सावध होतो. अस्सल शिवराईवर हाताने कोरलेल्या ठशाचं अक्षर असतं, ते कुठे जाड कुठे बारीक, आणि नाण्याच्या गोलात पुष्कळदा अर्धवटच आलेलं असतं. 1690च्या आसपासच्या कारागिराचा 'सिव' आदराने जपावा. आजच्या मगावरचा 'श्च' मात्र निव्वळ हलगर्जी आहे, कारण बरोबर पाठ आज प्रत्येकाच्या हाताशी आहे.

तर मगांचं काय करायचं? पहिलं, तुम्ही मंजूर केलेलं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, शोधा. धंद्याचा रिवाज स्पष्ट आहे. मंजूर प्रूफातच चूक असेल तर खर्च तुमचा. प्रूफ बरोबर आणि माल चुकलेला असेल तर खर्च छापणाऱ्याचा, आणि तो भांडल्याशिवाय मागा, बहुतेक जण देतात. दुसरं, छपाई पुसायचा प्रयत्न करू नका. तुमचे मग सब्लिमेशनचे दिसतात. त्यात मगावर पॉलिमरचा थर असतो आणि साधारण 180 ते 200 अंश उष्णतेत शाई त्या थरात जिरते, त्यामुळे ती निघत नाही. कोणी ॲसिडने काढून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. ज्यातून चहा प्यायचा त्या वस्तूवर असले प्रयोग नकोत. वाटूही नका, कारण मुलं त्यावरूनच पाठ करतील. एक मग मंडळाच्या कपाटात तारखेसह ठेवा आणि बाकीचे परत करा किंवा फोडा.

सब्लिमेशन आणि डेकल ओळखता येणं तुम्हाला कपबशीसाठीही उपयोगी आहे. डेकल म्हणजे भट्टीच्या रंगांनी छापलेलं चित्र. ते पाण्यात भिजवून कागदावरून भांड्यावर सरकवतात, रबरी पट्टीने खालचं पाणी आणि हवा काढतात आणि साधारण 800 अंशांवर भाजतात. रंग ग्लेझवर, म्हणजे भांड्याच्या काचेसारख्या थरावर, बसतो. कप तिरका धरून खिडकीकडे करा. अक्षरांची कड किंचित उंचावलेली दिसेल, बोटाच्या पेराला जाणवेलही. सब्लिमेशनमध्ये अशी कड नसते, चित्र फोटोसारखं सपाट असतं. हे महत्त्वाचं अशासाठी, की बातमी गाजल्यावर मुद्दाम 'जबली' छापलेला मग कोपऱ्यावरचा कोणीही फोटोवाला घटकाभरात करून देऊ शकतो. तुमची कपबशी डेकलची असेल आणि लेकीकडे 2022च्या खरेदीची पावती असेल, तर पावती बशीबरोबर ठेवा. डिशवॉशरमध्ये घालू नका, सोनेरी कड उडते. विकायचीच झाली तर मूळ घाऊक भाव 3 पौंड होता हे लक्षात ठेवून बोला. कोणी हजारोंचं आमिष दाखवून आधी 'प्रमाणपत्राची फी' मागितली, तर तो व्यवहार तिथेच थांबवा.

नवे मग करताना एवढं पाळा. मजकूर इंटरनेटवरच्या चित्रातून उचलू देऊ नका. विश्वासू छापील ग्रंथातून स्वतः युनिकोडमध्ये टाइप करून द्या. 'कर्व्ह' केल्यानंतरची पीडीएफ मागवा, आधीची नको. ती खऱ्या मापात कागदावर छापा. एकाने ग्रंथातून अक्षर-अक्षर मोठ्याने वाचावं, जोडाक्षरं फोडून, 'प, र, त'पासून, आणि दुसऱ्याने छापलेल्या कागदावर बोट ठेवून जुळवावं. दुसरा माणूस श्लोक पाठ नसलेला निवडा. मंडळातला शाळकरी मुलगा असेल तर उत्तम. नंतर एकच मग तयार करून हातात घ्या, पुन्हा वाचा, आणि त्यानंतरच उरलेल्या लॉटच्या प्रूफावर तारीख घालून सही करा.